चौकट, गावकूस आणि आपली चित्रकथा

दलित साहित्याचा विचार करताना आपण कविता, कथा, आत्मकथन आणि क्वचित नाटक यांच्यापलीकडे सहसा जात नाही. चित्रकथा हा प्रकार आपल्या समीक्षेच्या कक्षेत फारसा आलेला नाही. मुलांच्या करमणुकीची वस्तू, स्टेशनवरच्या स्टॉलवर मिळणारी, एवढीच तिची ओळख राहिली. परंतु ज्या समाजाच्या कित्येक पिढ्यांना अक्षर नाकारले गेले, त्या समाजाला चित्राकडे असे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. आपल्या वस्तीतल्या अनेक घरांत पुस्तकाच्या आधी बाबासाहेबांची तसबीर आली. कोट, चष्मा, हातातले पुस्तक आणि उचललेले बोट यांचा अर्थ निरक्षर आयांना कुणी शिकवावा लागला नाही. चित्राचे हे सामर्थ्य आपण रोज पाहतो. त्याची मीमांसा मात्र करीत नाही.

ही मीमांसा करण्याची निकड मला मंद्रूपमध्ये जाणवली. मंद्रूप हे दक्षिण सोलापूर तालुक्यातले, सोलापूर-विजयपूर रस्त्यावरचे गाव. सीना आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात असूनही पाण्याची चिंता कधी न सुटलेले. इथल्या माणसाच्या तोंडी मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात नांदतात. आमच्या वस्तीतल्या काही मुलामुलींनी भीमजयंतीसाठी बाबासाहेबांच्या लहानपणावर चित्रांचे पुस्तक करायचे ठरवले आणि सल्ल्यासाठी ती माझ्याकडे आली. मी पाहिले की कागद हातात पडताच त्यांनी पहिल्यांदा पट्टी घेतली आणि प्रत्येक पानावर सहा-सहा चौकोन आखून टाकले. काय सांगायचे ते अजून ठरले नव्हते. कशात बसवायचे ते मात्र ठरून गेले होते. हा दोष मुलांचा नव्हे. आशयाच्या आधी साचा हाती देणारी जी संस्कृती आहे, तिने त्यांच्या हाती ही पट्टी दिली होती. म्हणून प्रश्न असा उभा राहिला, की चित्रकथेतला चौकोन ही केवळ सोय आहे, की त्यातही काही विचार दडलेला आहे?

चौकोनांची चित्रकथा आपल्याकडे घरोघर पोचवली ती ‘अमर चित्र कथा’ या मालिकेने. अनंत पै यांच्या संपादनाखाली ती 1967 साली सुरू झाली. पुराणातले देव, महाकाव्यांतले वीर, राजे, संत अशी तिची वाटचाल होती. त्या रांगेत बाबासाहेब आले ते 1979 साली. म्हणजे ही मालिका वाचून मोठ्या होणाऱ्या आपल्या मुलाला स्वतःचा माणूस तिच्यात सापडायला बारा वर्षे थांबावे लागले. आला हेही थोडे नाही, असे कुणी म्हणेल, आणि त्या पुस्तकाने अनेकांना बाबासाहेबांची पहिली ओळख करून दिली हे नाकारण्याचे कारण नाही. पण तो साचा काय करतो, हे पाहिले पाहिजे. चौकोनामागून चौकोन पुढे सरकतो. एक थोर पुरुष जन्माला येतो, दुःख सोसतो, शिकतो, लढतो, विजयी होतो. प्रत्येक अपमान एका चौकोनात सुरू होतो आणि पुढच्या चौकोनात मागे पडतो. वाचणाऱ्याची अशी समजूत होते की हे एका माणसाचे दुःख होते आणि ते संपले. अस्पृश्यता ही व्यवस्था न राहता थोर पुरुषाच्या वाटेतला एक अडथळा ठरते. जो साचा दैवी पुरुषाच्या चरित्रासाठी घडला, त्यात बाबासाहेबांना बसवले की त्यांचेही दैवतीकरण होते.

बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेल्या आठवणींशी हे ताडून पाहावे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या इंग्रजी लेखनात त्यांनी आपल्यावर गुदरलेले प्रसंग सांगितले. त्यांच्या हयातीत ते प्रसिद्ध झाले नाही; पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1990 साली ते पुस्तिकेच्या रूपाने काढले आणि 1993 साली महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात ते आले. 1901 साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली ही मुले मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर नवे कपडे, म्हणून स्टेशनमास्तर आपुलकीने बोलला. महार आहोत हे कळताच मागे सरला. बैलगाडीवाल्याने दुप्पट भाडे घेतले. गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने पायी चालायचे, असे ठरले. डब्यात जेवण होते, पण प्यायला पाणी मिळेना म्हणून मुले उपाशी राहिली. शाळेत शिपाई असला तरच नळ सुटायचा. शिपाई नाही, तर पाणी नाही. या लेखनात आक्रोश नाही. शिवाय बाबासाहेब आपल्या प्रसंगांपाशी थांबत नाहीत. पुढे इतर अस्पृश्यांवर गुदरलेले प्रसंगही देतात. म्हणजे स्वतःच्या चरित्राचा साचा त्यांनीच मोडला. ‘मी’पासून निघून ‘आपण’पर्यंत जाणारी ही रचना आहे.

याच लेखनावर आधारलेले ‘भीमायन’ हे इंग्रजी चित्रपुस्तक ‘नवायन’ या प्रकाशनाने 2011 साली काढले. शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. हे दोघे मध्य प्रदेशातले परधान गोंड चित्रकार. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. बाना हे वाद्य घेऊन यजमानाच्या दारी वंशकथा गाणारे. भिंतींवर आणि अंगणात नक्षी काढण्याची त्यांची घरगुती रीत आहे. त्या नक्षीला डिग्ना म्हणतात. जनगढसिंह श्याम या चित्रकाराने 1980 नंतरच्या काळात ही कला भोपाळच्या भारत भवनातून कागदावर आणि कॅनव्हासवर आणली. दुर्गाबाई-सुभाष हे त्याच परंपरेतले.

व्याम दांपत्याने चौकोन नाकारले. आपली माणसे आम्ही पेटीत कोंबणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. पान त्यांनी मोकळे ठेवले आणि प्रसंगाप्रसंगांच्या मधून डिग्नाच्या वळणदार पट्ट्या वाहत्या ठेवल्या. त्यामुळे एक प्रसंग संपून दुसरा सुरू झाला असे वाटत नाही. एकाचे पाणी दुसऱ्यात उतरते. बोलण्याच्या फुग्यांचेही तसेच. मायेने बोलणाऱ्याचे किंवा सोसणाऱ्याचे शब्द पाखराच्या आकारात येतात, जातीचे विष ओकणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी असते आणि मनातल्या विचाराला डोळा असतो. हा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. जातीची भाषा सभ्यही असू शकते. स्टेशनमास्तर शिवी देत नाही, नुसता मागे सरतो. बडोद्यात घर देण्यास नकार देणारेही सभ्य भाषेत नकार देतात. छापील अक्षर त्या सभ्यतेला भुलते. नांगीचा फुगा भुलत नाही.

आणखी एक पान. महाडच्या सभेत ध्वनिक्षेपकाचे कर्णे पाण्याच्या झाऱ्या होतात आणि बाबासाहेबांचे शब्द लोकांवर तुषारांसारखे पडतात. 1927 साली चवदार तळ्यावर माणसे गेली ती पाण्यासाठीही आणि शब्दासाठीही, हे सांगायला आपल्या लेखकांना पाने लागली असती. दौलताबादचा किल्ला, जिथे 1934 साली हौदातल्या पाण्यावरून बाबासाहेबांना आणि त्यांच्या सोबत्यांना अडवले गेले, तो इथे हिंस्र जनावर होतो. आगगाडी सर्प होते. पुस्तकाच्या मध्ये आजच्या अत्याचारांच्या बातम्या येतात. 2006 सालचे खैरलांजी येते. त्यामुळे 1901 साल मागे पडत नाही.

तरीही या पुस्तकापुढे नुसती मान तुकवून चालणार नाही. काही आक्षेप नोंदवणे मला कर्तव्य वाटते.

पहिला आक्षेप नावाचा. अयन म्हणजे मार्ग, प्रवास; पुस्तकात प्रवास आहेत, हे खरे. पण वाचकाच्या कानी ‘भीमायन’ पडले की रामायणच ऐकू येते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली दुसरीच राम आणि कृष्ण यांना देव न मानण्याची आहे. ‘रिडल्स’चा खंड 1987 साली आला तेव्हा राम-कृष्णावरच्या प्रकरणासाठी महाराष्ट्रात केवढे वादळ उठले, हे आपल्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. चित्रात साचा मोडणाऱ्या पुस्तकाने मुखपृष्ठावर मात्र महाकाव्याचाच साचा घेतला.

दुसरा आक्षेप निवेदनाचा. शहरातल्या एका बसथांब्यावर राखीव जागांवरून कुरकुरणारा तरुण भेटतो आणि एक बाई त्याला बाबासाहेबांची कथा सांगते, अशी ही मांडणी. म्हणजे कथा सांगितली जाते ती मुख्यतः न कळणाऱ्या सवर्ण तरुणाला कळावी म्हणून. हे कामही करायला हवे. पण आपली मुले हे पुस्तक उघडतील तेव्हा त्यांच्याशी कोण बोलणार? ज्याला तहान ठाऊक आहे त्याला तहान समजावून सांगायची नसते; त्याच्याशी निराळेच काही बोलायचे असते.

तिसरा आक्षेप आमच्या एका कार्यकर्त्या मित्राचा. तो म्हणतो, हे पुस्तक देखणे आहे, पण मोलाचे आहे, विद्यापीठांचे आणि शहरी दुकानांचे आहे. त्यापेक्षा दहा रुपयांचे चौकोनी चित्रांचे पुस्तक वस्तीत अधिक काम करील. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘गोलपिठा’ 1972 साली आला तेव्हाही, हे कळणार कुणाला, असा प्रश्न विचारला गेलाच असेल. पण कळणे म्हणजे काय? सवयीचे ते कळते, आणि सवय लावणारे हात कुणाचे असतात, हे आपण जाणतो. आमच्या मुलांपुढे मी हे पुस्तक ठेवले तेव्हा इंग्रजी त्यांना अडले. विंचवाची नांगी कुणालाच अडली नाही. ‘हे सर तर आमच्या गावात पण असं बोलतात’ असे एकजण म्हणाला. तेव्हा अडचण प्रयोगाची नाही. किमतीची आणि भाषेची आहे, आणि तिचा उपाय वेगळा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. व्यामांनी चौकोन टाकला, म्हणून आपणही टाकावा काय? आमच्या मुलांनी पुस्तक पाहून तसे ठरवून टाकले होते. पट्टी दूर झाली आणि दुसऱ्याच दिवशी पानापानांवर डिग्ना, हरणे आणि मोर दिसू लागले. मी त्यांना विचारले, ही हरणे तुम्ही कुठे पाहिली? गोंडांची हरणे गोंडांच्या जंगलातली आहेत. त्या जंगलाला कुंपण नव्हते, म्हणून त्यांचे पान मोकळे आहे. मोकळे पान ही त्यांची स्मृती आहे. आपली स्मृती मोकळ्या रानाची नाही. आपली स्मृती गावकुसाची आहे. चौकोन आपल्याला चित्रकथेतून कळलेला नाही. गावाचा चौकोन, विहिरीचा चौकोन, देवळाचा आणि शाळेच्या खोलीचा चौकोन आपण पिढ्यान्‌पिढ्या बाहेरून पाहत आलो. मंद्रूपहून फार लांब नसलेल्या मंगळवेढ्याला, परंपरा सांगते, चोखामेळा कुसाच्या भिंतीखाली गाडला गेला. भिंत बांधायला महार हवे होते, भिंतीच्या आत नको होते. ज्याच्या अंगावर भिंत कोसळली त्याने भिंतच काढायची नाही, असे कसे चालेल?

म्हणून मला वाटते की आपल्या चित्रकथेने चौकोन टाकू नये. तो उघडा पाडावा. चित्रकथेच्या धंद्यात दोन चौकोनांच्या मधल्या कोऱ्या पट्टीला गटर म्हणतात. त्या पट्टीत काही काढायचे नसते, असा दंडक. वाचकाने ती ओलांडून पुढे जायचे. आपली वस्ती नेमकी तिथे आहे. दोन प्रतिष्ठित चौकोनांच्या मध्ये, जिथे काही घडत नाही असे सर्वांनी मानले, तिथे आपले सगळे घडले. आपली माणसे त्या पट्टीत काढावीत. चौकोनाच्या आत शाळा असावी आणि गोणपाटावर बसलेला मुलगा रेषेच्या बाहेर असावा. नळ आत, तहान बाहेर. आणि मग कथेत जिथे माणसे उठतात, चवदार तळ्याकडे निघतात, तिथे ती रेषा तुटावी. अशी तुटलेली रेषा वाचकाला कळेल, कारण तोवर तिने त्याची वाट अडवलेली असेल. पहिल्या पानापासून रेषाच नसेल, तर तुटणार काय?

यात नवे असे काही नाही. ही आपलीच रीत आहे. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहिली ती जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादाच्या रूपात. पुराणिक श्रोत्याला ऐकवीत असे; इथे श्रोता प्रश्न विचारू लागला. (याच ग्रंथावर श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनन यांनी 2011 सालीच एक काळे-पांढरे चित्रपुस्तक केले, हे जाता जाता नोंदवतो.) सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा ठेवला, पण गणातून गणपती हलवला आणि गौळणीचा रोख बदलला. लोकांच्या ओळखीचा साचा घेऊन त्याच्या आतले दैवत काढून टाकणे, ही भीमराव कर्डकांसारख्यांनी गावोगाव वापरलेली युक्ती आहे. दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये 1978 साली एकाच माणसाचे दोन केले आणि दगडू मारुती पवारला दया पवारशी बोलायला बसवले, आत्मचरित्राच्या सरळ रेषेत तो दुभंगलेपणा मावला नसता. आमच्याच जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळे यांनी 1984 साली ‘अक्करमाशी’ लिहिली. ज्याला बापाचे नाव लावायची चोरी, त्याने जन्मापासूनची सरळ वंशावळ सांगायची कशी? इथे प्रयोग हौसेने झालेला नाही. जुन्या साच्यातच खोटेपणा होता, म्हणून झाला. प्रयोगाची कसोटी मला हीच वाटते. साचा खोटे बोलत असेल तर तो मोडावा किंवा उलटा करावा. नुसते वेगळे दिसावे म्हणून काही करू नये.

मंद्रूपच्या मुलांचे पुस्तक अजून पुरे झालेले नाही. त्यांचे वाद चालू आहेत, आणि ते वाद मला पुस्तकाइतकेच मोलाचे वाटतात. फुग्यातली भाषा कोणती, हा एक वाद. वस्तीतली म्हातारी अर्धे मराठी, अर्धे कन्नड बोलते. ते शुद्ध करावे काय? एका मुलीने तोड काढली, की चौकोनाच्या आतल्यांनी पाठ्यपुस्तकाची भाषा बोलावी आणि पट्टीतल्यांनी आपली. दुसऱ्या एकाने बाबासाहेबांचा निळा कोट पहिल्याच पानावर रंगवला होता. त्यावर चर्चा झाली, की नऊ वर्षांच्या भिवाला तो कोट कसा? मग असे ठरले की निळा रंग पुस्तकभर कुठेच वापरायचा नाही. फक्त पाणी निळे. मसूरच्या पानावर निळे काहीच नाही. महाडच्या पानावर सगळेच निळे. ही कल्पना कुणी त्यांना शिकवली नाही, आणि कोणत्याही पुस्तकातून ती उचललेली नाही.

1925 साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. ‘शिका’ हा शब्द या जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी भिंती-छपरासह उभा राहिला. आज आपली मुले शिकली आहेत, चित्रे काढीत आहेत. त्यांच्या हाती पट्टी देणारे पुष्कळ आहेत आणि आता डिग्ना देणारेही भेटतील. आपल्या शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी त्यांना यांपैकी काहीच आयते देऊ नये. बाबासाहेबांचे मूळ लेखन त्यांच्या भाषेत त्यांच्यापुढे ठेवावे, स्वस्त कागद आणि झेरॉक्सचा खर्च गोळा करून द्यावा, आणि रेषा कुठे मारायची याचा वाद त्यांना आपापसांत करू द्यावा.